पोटातलं विरजण

त्याला सगळे विरजण्या म्हणत. नाव चिडवायला ठेवलेलं, पण हा बाबा ते मिरवायचा. "दुसऱ्यांचं विरजण आनंदावर पडतं, माझं दुधात पडतं," असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. चाळीस वर्षं दही लावत होता. दुधात करंगळी बुडवायची, पाच आकडे मोजायचे, बोटाला सोसलं की विरजण घालायचं. वर फडकं टाकायचं. मग दुकानात एकच कायदा, दही लागत असताना पातेलं हलवायचं नाही. पोटच्या पोरानं एकदा फडकं उचलून पाहिलं, तर त्याच्या पाठीत पळी बसली होती.

तो पोरगा पुढे ट्रकवर गेला, आठ-आठ दिवस बाहेर. सून शिवणकारखान्यात. नऊ वर्षांची नात म्हाताऱ्याच्या पदरात, आणि नातीबरोबर तिची साखर.

पोरांना होतो तो मधुमेह. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. दिवसाला चार सुया. आईचा हात थरथरायचा, म्हणून चारही आजोबाच द्यायचा. दोन वर्षांत पोरीच्या पोटावर, मांड्यांवर गाठी आल्या होत्या. एवढं करूनही साखर काही ताळ्यावर येईना. सकाळी साठ, दुपारी तीनशे. सुई हातात घेतली की पोर भिंतीकडं तोंड करायची, आणि ते त्याला फार लागायचं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई अशा पोरांच्या आतड्यांतल्या जंतूंचा अभ्यास करत होत्या. शौच भरून आणायला त्यांनी डबी दिली.

"जंतू म्हणजे किडे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"किडे नव्हेत, आजोबा. डोळ्यांना न दिसणारे. काही चांगले, काही वाईट. ज्यांची साखर फार वरखाली होते, त्यांच्यात चांगले कमी असावेत असं वाटतंय. अजून नक्की नाही."

म्हाताऱ्यानं डबी उलटसुलट करून पाहिली. बाईंनी सोपं करून सांगितलं, "तुम्ही दही लावता ना? तसंच. पोटातलं विरजण समजा."

'अजून नक्की नाही' हे इस्पितळातच राहिलं. विरजण तेवढं तो घरी घेऊन आला.

त्याचा हिशोब सरळ होता. पोरीच्या पोटातलं विरजण बिघडलंय. नवं लावायचं. आणि लागत असताना ढवळायचं नाही. चार वेळा सुई खुपसणं म्हणजे ढवळणंच की! सोमवारी सकाळी त्यानं नातीपुढं ताज्या दह्याची वाटी ठेवली आणि सुईची पेटी फळीवर सारली.

"आज सुई नाही?" तिनं विचारलं.

"तीन दिवस नाही. आईजवळ बोलायचं नाही."

पोर नाचत शाळेत गेली. संध्याकाळी सुनेनं विचारलं, "मामंजी, सुई दिली?"

"दिली की."

"साखर किती होती?"

"ठीक होती," म्हातारा म्हणाला. बोटाला टोचून रक्त पाहणंसुद्धा त्यानं बंद केलं होतं.

मंगळवारी पोर घटाघटा पाणी पीत राहिली, शाळेतून दमून आली आणि जेवणाआधीच झोपली. बुधवारी सकाळी ओकली. सून कामाला निघताना घुटमळली, तर हा म्हणाला, "बाहेरचं काही खाल्लं असेल. तू जा, मी आहे." ती गेल्यावर तो नातीच्या तोंडाशी वाकला. श्वासाला वास येत होता, पिकून उतरलेल्या फळासारखा आंबूस-गोड. उभा जन्म आंबलेल्या वासावर काढलेला माणूस तो. त्याला बरं वाटलं. विरजण धरलं, असं तो स्वतःशी म्हणाला.

दुपारी पोर धाप लागल्यासारखा खोल खोल श्वास घ्यायला लागली. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले. तेव्हा मात्र त्यानं तिला उचललं. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून तिला नेलं. सून कारखान्यातून तशीच धावत आली, गळ्यात मोजपट्टी.

"शेवटची सुई कधी दिली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज सकाळी," सून म्हणाली. "मामंजींनीच दिली."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "सुई देऊनही एवढं? मग आत दुसरं काही झालंय का, ते शोधावं लागेल."

"शोधू नका," म्हातारा म्हणाला. "दिली नाही. सोमवारपासून एकही दिली नाही."

सून त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. बाई आत पळाल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता.

"इन्सुलिन बंद करा असं मी म्हटलं होतं का, आजोबा?"

"नाही."

"जंतूंचं आमचं आम्हालाच अजून पुरतं कळलेलं नाही."

"मग मला सांगितलंत कशाला?"

"तुम्हाला समजावं म्हणून."

"समजलं," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी पोर घरी आली. गालाची हाडं वर आलेली. सुनेनं पेटी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि पोरीला सुई घ्यायला शिकवलं. थरथरत्या हातानं थरथरता हात धरून शिकवलं. दुपारची सुई आता ती एकटी घेते, घेतली की आईला फोन करते. आजोबाला विचारायचं नाही, असं तिला बजावलेलं आहे.

काल ती त्याच्याकडं पाठ करून बसली. पोटाची चिमूट धरली, ओठातल्या ओठात आकडे मोजले. सुई तिरकी जात होती, नेमकी जुन्या गाठीत. म्हाताऱ्याला दारातून दिसत होतं.

"जरा खाली," तो म्हणाला.

पोरीनं सुई काढली, फ्रॉक खाली ओढला आणि आई येईपर्यंत थांबते म्हणाली.