कार्डाचा विमा

बायकोच्या हृदयात धातूची झडप बसवली त्या वर्षी मी हिंगोलीत एका विनाअनुदानित शाळेत कारकून होतो. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. पगार संस्थेच्या मनात आला तर व्हायचा. आदल्या वर्षी टाय लावलेला एक माणूस शाळेत येऊन आम्हा सगळ्यांच्या सह्या घेऊन गेला होता आणि महिन्याभरात पोस्टानं माझं क्रेडिट कार्ड आलं होतं. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलं, कारण मोंढ्याच्या बाजारात किंवा जीपवाल्याकडे त्याचा काही उपयोग नव्हता. मग बायकोला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. औरंगाबादच्या ट्रस्टच्या दवाखान्यानं निम्म्याहून जास्त बिल माफ केलं आणि उरलेलं सगळं मी त्या कार्डावर घासलं. घासताना वाटलं, सुटलो. इतका मूर्ख मी त्याआधी कधी झालो नव्हतो, त्यानंतर मात्र बऱ्याचदा झालो.

डॉक्टरांनी दोन गोष्टी जन्मभरासाठी सांगितल्या होत्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि महिन्याला एकदा नांदेडला जाऊन रक्त तपासायचं. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरते आणि तिथून ती मेंदूत जाते, हे त्यांनी माझ्यासमोर कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद मी घरी आणलाच नाही. तिला दिसला असता तर ती घाबरली असती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मीच घाबरलो होतो.

कार्डाचं बिल दर महिन्याला यायचं. मी त्यातली कमीत कमी रक्कम भरायचो आणि पुढच्या महिन्यात बाकी होती तेवढीच, कधी तर चार पैसे वरच. या जन्मात हे फिटत नाही, हे मला कारकुनी करून कळलं होतं. अशातच एका दुपारी शाळेच्या ऑफिसात मोबाईल वाजला. पलीकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची. तिनं सांगितलं की कार्डावर विमा मिळतो. तुम्ही मेलात, हात-पाय गेला किंवा नोकरी सुटली, तर कार्डावरची बाकी विमा कंपनी भरणार. हप्ता बिलातच लागून येणार, माझ्या बाकीवर तो महिन्याला अडीचशेच्या आसपास होता.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "आमच्या दोघांचं माफ होईल ना?"

"सर, हे तुमच्या फॅमिलीसाठीच तर आहे," ती म्हणाली.

मी दोन दिवस मागून घेतले. अडीचशे रुपये आमच्यासाठी थोडे नव्हते. बायको ब्लाउज शिवायची, त्यात भाजीपाला निघायचा. पण माझ्या डोक्यात डॉक्टरांचं ते चित्र होतं. ही कधीही जाऊ शकते, आणि गेली तर मी तिच्याविना तिच्याच ऑपरेशनचे पैसे वर्षानुवर्षं भरत बसणार, या विचारानं मी रात्री उठून बिल काढून बघायचो. असा विचार आपण जिवंत बायकोबद्दल करतो याची लाजही वाटायची, आणि तरी तो थांबत नव्हता.

रविवारी आम्ही दोघं हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावर गेलो. माझ्या वडिलांनी वीस हंगाम ऊसतोड केलेली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहते. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं एकट्याचं, पण हंगामाआधी घेतलेली आगाऊ उचल दोघांवर असते आणि दोघांतलं एक आजारी पडलं की मजुरी अर्ध्या कोयत्याची. मी विम्याचं सांगितल्यावर वडिलांनी मला विचारलं, कार्डावर नाव कोणाचं? माझं. पैसा कोणासाठी घेतला? तिच्यासाठी. मग विमा दोघांचा असणारच, त्यात विचारायचं काय, असं त्यांनी ठरवून टाकलं. बी.ए. झालेला मी समोर बसून मान डोलावत होतो. मलाही ते मनापासून पटलं होतं, कारण त्या वहीवरच मी लहानाचा मोठा झालो होतो.

परतताना जीपमध्ये बायको कानाशी बोलली. "घ्या तो विमा. मी गेले तर हे तुमच्या मानगुटीवर ऱ्हायला न्हाई पायजे."

मी म्हटलं, अभद्र बोलू नको.

"अभद्र काहून? बराबरच बोलून राहिले."

सोमवारी मी फोनवर होकार दिला. पंधरा दिवसांनी विम्याचे कागद आले, बारीक इंग्रजी अक्षरांत, आठ पानं. शाळेत पालकांना वाचून सही करा म्हणून बजावणारा मी, त्यांतलं एकही पान न वाचता सुतळीनं बांधून पेटीत टाकून मोकळा झालो.

पुढच्याच महिन्यात बायको म्हणाली की आता तपासणी तीन महिन्यांतून एकदा केली तरी चालते, नांदेडच्या डॉक्टरांनीच सांगितलं. मला रजा मिळत नसे, ती शेजारणीबरोबर जायची. मी चिठ्ठी मागितली. कुठंतरी ठेवली आहे, म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. नांदेडचं भाडं आणि तपासणीचे पैसे वाचत होते आणि विम्याचा हप्ता जवळजवळ त्यातच भागत होता. इतकं नेमकं जुळलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. मला तिचं बोलणं खरं मानायचं होतं, म्हणून मी ते मानलं. यासाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला. मी हाक मारली तर तोंड एका बाजूला ओढलेलं. जीप करून नांदेडला नेलं. जीव वाचला, पण हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? मी तावातावानं म्हणालो की रोज घेते. बायकोनं डाव्या हाताची चार बोटं वर केली. चार महिने ती गोळी एक दिवसाआड घेत होती. तपासणीला तर त्या चार महिन्यांत एकदाही गेली नव्हती.

मी तिच्यावर ओरडलो. वॉर्डातल्या लोकांनी वळून पाहिलं. तिनं शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "विमा व्हता ना. मंग भेव कशाचं? वाटलं, काही झालं तरी तुमी सुटले."

मी बाहेर चहाच्या गाड्यापाशी जाऊन विम्याच्या नंबरवर फोन लावला. या वेळी दुसरीच मुलगी होती. तिनं सगळं ऐकून विचारलं, तुम्हाला काही झालंय का सर? मी नाही म्हणालो. मग काही मिळणार नाही, म्हणाली, विमा कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याचाच असतो. मी तिला कोयता समजावून सांगायला लागलो. कुठल्यातरी शहरात बसलेल्या त्या मुलीला मी मुकादमाची वही, उचल, अर्धी मजुरी, सगळं सांगितलं.  शेवटी ती सॉरी सर म्हणाली आणि मी तिला तोंडाला येईल ते बोललो. विमा खोटा नव्हता. मी मेलो असतो तर त्यांनी पैसे भरलेही असते. पण मरणाच्या दारात मी उभा नव्हतो, हे मला पहिल्या फोनच्या दिवशीही ठाऊक होतं.

बायको घरी आल्यावर आठवड्यानं, तिच्या खाटेशेजारी बसून, मी विमा बंद करायला फोन केला. मुलीनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग म्हणाली, बंद करण्याचं कारण सांगा सर, लिहावं लागतं. मी फोन कानावरून खाली घेतला. डोळे वाहत होते आणि ती पलीकडून सर, सर करत होती.

बायकोनं खुणेनं विचारलं, काय म्हणते?

"कारण विचारून राहिली," मी म्हणालो.

तिनं वाकडं झालेलं तोंड सावरलं आणि एकेक शब्द काढला. "सांगा, बायको जिती हाय. तिला गोळ्या लागतेत."

मी तेच सांगितलं.