उडाल्याशिवाय निकाल नाही

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात माझ्या बायकोने नेवाशाजवळ, जायकवाडीच्या फुगवट्यावर एक पक्षी पाहिला. लांब चोचीने चिखल टोचणारे मालगुजे तिथे दरवर्षी येतात. हा तसाच, पण उडाला तेव्हा पंखावर पांढरी पट्टी नव्हती. म्हणजे हा त्यांचा समुद्रकाठचा भाऊबंद. मी नेमका तेव्हा स्कूटरचा प्लग पुसत होतो. आमच्या पक्षी बघणाऱ्या हौशी मंडळींत ज्याचा शब्द शेवटचा, तो मित्र हसून म्हणाला, "वहिनी, समुद्र सोडून तो नेवाशाला कशाला येतोय?" तिने विषय सोडून दिला. माझा मात्र तिळपापड झाला.

पुढच्या जानेवारीत तिला तसाच पक्षी पुन्हा दिसला. दुसऱ्या सकाळी मी मित्राला जवळजवळ ओढूनच नेलं. पक्षी जागेवर होता, चोच चिखलात खुपसून. पण त्याला नुसता उभा बघून मित्र काही कबूल करेना. पंख उघडल्याशिवाय निकाल नव्हता, आणि एकदा उडाला की तो परत येईल याचा काय भरवसा?

तेवढ्यात मागून एक शेतकरी गोफण घेऊन आला. पाणी ओसरलेल्या गाळात त्याचा हरभरा होता.

"सरका पावनं. बदकं लई माजल्यात, दाना ठिवायची न्हाईत."

"थांबा हो जरा!" मी खेकसलो.

"आमी थांबू, ती थांबत्यात व्हय?"

बायकोने माझा दंड धरला. मित्राकडे त्याची दुर्बीण होती. आम्हा नवरा-बायकोत मात्र एकच. तिने ती स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. "नीट बघा," म्हणाली, आणि शेतकऱ्याकडे वळली. "मारा, मामा."

गोफण गरगरली. दगड बदकांच्या अंगावरून गेला आणि सगळा काठ एकदम उठला.

"पट्टी नाही!" मित्र ओरडला. "वहिनी, चुकलो मी. तुमचंच खरं."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, मलाच म्हणाली, "त्यांचं राहू द्या. तुम्ही पाहिलात ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुर्बीण छातीवर तशीच लोंबत होती. मित्राचं तोंड कसं पडतंय ते बघायला मी त्याच्याकडे वळून उभा होतो.

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि स्कूटरकडे चालू लागली.