आमच्या ठाण्याच्या नावापुढचा आकडा

निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांची नावंगावं डोक्यातून निघून गेली. आर्वी भागातलं ते प्रकरण मात्र काल घडल्यासारखं समोर उभं राहतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि ती माझी शेवटची नेमणूक होती. फौजदारी कायदे नुकतेच बदलले होते. ठाण्यात जो तो नव्या कलमांच्या पुस्तिका चाळत असे.

एका सकाळी हजेरी आटोपल्यावर आमचा संगणकावर बसणारा हवालदार केबिनमध्ये आला. कामाला चोख, बोलणं मोजकं. ठाण्याचा सरकारी ईमेल तोच बघायचा. दार लोटून घेत तो म्हणाला, “साहेब, एक खबर हाये. आर्वीची ती इंटरनेटवाली बाई आपल्या खात्याची गुपितं चव्हाट्यावर मांडून राह्यली.”

“म्हणजे नेमकं काय करते?”

“आपण तिले पत्र देतो ना, अमक्या ग्राहकाची माहिती द्या म्हणून? तर कोणत्या ठाण्यानं किती वेळा मागितली, तिनं किती वेळा दिली, सारं वेबसाइटवर टाकते. गुन्हेगार सावध होतील, साहेब. काढाले लावा तिले.”

बोलण्यात तथ्य होतं. तपास चालू असताना आरोपीला कुणकुण लागली तर हातातलं प्रकरण जातं, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. पण खबर कोणाचीही असो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्यावर पाऊल उचलायचं नाही, ही माझी पद्धत. दुपारी जीप काढली आणि आर्वीला गेलो.

एसटी डेपोजवळ बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर त्या कंपनीचं ऑफिस होतं. आर्वी, देवळी आणि वर्ध्याच्या कडेच्या वस्त्यांमध्ये ही छोटी कंपनी घरोघर इंटरनेट पुरवायची. मालकीण पस्तिशीची. नागपूरला इंजिनियर होऊन तिने वडिलांच्या केबल टीव्हीच्या धंद्याचं इंटरनेटच्या धंद्यात रूपांतर केलं होतं. मी गेलो तेव्हा ती वायरच्या भेंडोळ्यांमधून वाट काढत आली, हात पुसले आणि समोर खुर्ची ठेवली.

मी सरळ विषयाला हात घातला. “तुम्ही पोलिसांच्या मागण्या जाहीर करता म्हणे. कोणत्या कायद्यानं?”

“करावंच असा कायदा नाही, सर,” ती म्हणाली. “म्हणून मी आमच्यापुरते नियम केले. वर्ध्याच्या वकिलांना दाखवून घेतले. दर सहा महिन्यांनी फक्त आकडे टाकते. ग्राहकाचं नाव नाही, गाव नाही, गुन्हा नाही. मागणी कोणत्या ठाण्याची, किती, त्यातल्या किती पुऱ्या केल्या, किती नाकारल्या. एवढंच.”

“आणि पाळत ठेवण्याचे आदेश? ते जाहीर झाले तर?”

“ते गृहखात्याकडून येतात आणि ते गुप्त ठेवायचं बंधन कायद्यानंच घातलंय. तसा आदेश आला होता की नव्हता, हेही मी कोणाला सांगत नाही. आता तुम्हालाही नाही सांगणार.” असं म्हणून ती हसली.

“पण लोकांना हे कशाला कळायला पाहिजे?”

“सर, लोक मला पैसे देतात ते घरात नेट यावं म्हणून. त्यासोबत त्यांचा पत्ता, फोन, कधी जागे असतात, सगळं माझ्याकडे जमा होतं. ते मी कोणाला किती वेळा दिलं, हे विचारायचा हक्क त्यांना नको का?”

वर्दीसमोर बसून आवाज न चढवता इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली. वर्दी पाहिली की काही जण जास्त नम्र होतात, काही जास्त आक्रमक. ही दोन्ही झाली नाही. मी म्हटलं, “दाखवा तुमचे आकडे.”

तिने पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या ठाण्याच्या ओळीवर माझी नजर थांबली. ‘नाकारल्या’ या रकान्यात दोनचा आकडा होता.

“हे चुकलंय,” मी म्हणालो. “आम्हाला तुम्ही कधीच नकार दिला नाही.”

“दिला ना, सर! दोनदा. लेखी उत्तर पाठवलं तुमच्या ठाण्याच्या सरकारी ईमेलवर.”

तिने दोन्ही पत्रं काढली. दुचाकी चोरीच्या एका खऱ्या गुन्ह्याचा नंबर टाकून एका महिला ग्राहकाच्या घराचा पत्ता मागितला होता. खाली माझी सही होती. सही माझीच, पण दोन्ही पत्रांवर रेषेनं रेषा सारखी. माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही; ती माझ्या जुन्या पत्रावरून उचलून चिकटवलेली होती. आणि कलम होतं जुन्या कायद्याचं, ९१. नवा कायदा लागू झाल्यावर मी प्रत्येक पत्र कलम ९४ खाली स्वतः तपासून सोडत होतो.

“तुम्ही नकार का दिलात?”

“चोरीला गेली गाडी, आणि विचारतात एका बाईचं घर. संबंध काय ते लिहा म्हटलं, तर दुसरं पत्र आलं ‘अतितातडीचे’ म्हणून. घाई दिसली की मी आणखी सावकाश जाते.”

मी पत्रांच्या प्रती घेतल्या. तिचा नकार ठाण्यात पोचला होता, पण ज्या हातानं पत्र गेलं त्याच हातानं तो उघडला आणि पुसला होता. ठाण्यातलं प्रत्येक पत्र हवालदाराच्याच टेबलावरून जात होतं. वेबसाइटवरचा तो आकडा तेवढा त्याच्या आवाक्याबाहेर होता. म्हणूनच तो खबर घेऊन माझ्याकडे आला होता.

आधी ती महिला सुरक्षित आहे का, हे बघणं गरजेचं होतं. तसं कारण लिहून मी स्वतः रीतसर पत्र दिलं, तेव्हा मालकिणीनं मला पत्ता दिला. साध्या वेषात आमच्या महिला उपनिरीक्षकांना घेऊन मी वर्ध्याच्या कडेच्या बोरगाव मेघेला गेलो. भाड्याच्या दोन खोल्यांत ती आपल्या मुलीबरोबर राहत होती आणि वर्ध्याच्या एका दवाखान्यात कामाला जात होती. पोलीस म्हटल्याबरोबर तिने मुलीला आतल्या खोलीत पाठवलं.

“त्यानं पाठवलं का तुम्हाले?” तिचा पहिला प्रश्न.

“कोणी?”

“माह्या नवऱ्यानं. मले शोधून राह्यला तो. हात मोडला होता माहा. कोर्टानं त्याले जवळ यायची बंदी केली, तरी नातेवाइकांले विचारत फिरते. त्याच्या बहिणीचा नवरा पोलिसात हाये, तो काढीन म्हणे पत्ता.”

उपनिरीक्षकांनी तिचा हात हातात घेतला. “त्याला पत्ता मिळालेला नाही, ताई.”

“काऊन नाई मिळाला?” तिला ते खरंच वाटेना.

“एका बाईनं नाही म्हटलं.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मग चहा ठेवायला उठली.

सही माझी बनावट केलेली, म्हणजे फिर्यादी मीच. तपास माझ्याकडे राहणं योग्य नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली, उपविभागीय अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर हवालदाराला बोलावलं. इतकी वर्षं मी त्याला अरे-तुरे करायचो. त्या दिवशी म्हणालो, “बसा तुम्ही.” ठाण्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

“आर्वीच्या कंपनीला दोन पत्रं गेली. कोणी पाठवली?”

“साहेब, ती बाई आपल्याले बदनाम करून राह्यली. तिच्यावर काऊन विश्वास ठेवता?”

खोटं बोलणाऱ्याची ही एक खूण आहे. तो प्रश्नाचं उत्तर देत नाही, दुसऱ्याचा हेतू काढतो. मी पत्रं समोर ठेवली. “पत्रात कलम ९१ कसं? नवा नमुना तर तुम्हीच टाइप केला होता.”

जुनी फाइल उघडून त्यानं तारीख आणि मजकूर बदलला होता. कलम बदलायचं राहून गेलं होतं. त्यानं पत्रं बाजूला सारली. मग आवाज खाली आला.

“साळ्याचा संसार मोडून राह्यलता, साहेब. म्या फक्त पत्ता मागतला. समजूत काढली असती तिची.”

“तिचा हात कोणी मोडला, माहीत होतं?”

“होतं, साहेब.”

उपविभागीय अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

गुन्हा दाखल झाला. हवालदार निलंबित झाला, आणि कोर्टाच्या बंदीनंतरही बायकोचा माग काढणाऱ्या नवऱ्याला अटक झाली. कंपनीच्या मालकिणीनं जबाब दिला. या काळात तिच्यावर दडपणही आलं. खांबांवरून वायर टाकायच्या परवानग्या अडल्या, ‘आकडे काढा, सगळं सुरळीत होईल’ असे निरोप आले. तिने पुढच्या सहामाहीचे आकडे ठरल्या दिवशी टाकले. आमच्या खात्यातही काही जण माझ्यावर नाराज होते. घरची भानगड बाहेर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पोलीस अधीक्षकांनी मला बोलावलं तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीनं गेलो. त्यांनी माझा अहवाल शांतपणे वाचला आणि विचारलं, “ही कंपनी आकडे टाकत नसती तर तुम्हाला कधी कळलं असतं?”

“त्या बाईंचं काही बरंवाईट झाल्यावर, सर.”

त्याच आठवड्यात आदेश निघाला. माहिती मागणाऱ्या प्रत्येक पत्राला ठाण्यात स्वतंत्र जावक क्रमांक, आणि दर सहा महिन्यांनी आपला आकडा कंपनीच्या आकड्याशी ताडून प्रभारीनं तसा दाखला द्यायचा.

गुप्ततेशिवाय तपास होत नाही, हे मी आजही मानतो. पण गुप्ततेच्या आडोशाला आरोपी लपतो तसा आपला माणूसही लपू शकतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. कोणाची माहिती मागितली हे झाकून ठेवावं. किती वेळा मागितली हे उघड असावं. त्यानं एकाही तपासाला धक्का लागलेला मी पाहिला नाही. एका खंबीर बाईनं हे स्वतःहून केलं, म्हणून त्या मायलेकी सुखरूप राहिल्या. दुसऱ्या गावातल्या मायलेकींना तशी मालकीण भेटेलच असं नाही. म्हणून हा नियम सरकारनं सगळ्याच कंपन्यांना घालून द्यावा, असं मला वाटतं.

सध्या माझ्या घरी एका मोठ्या कंपनीचं इंटरनेट आहे. सरकारकडून वर्षभरात ग्राहकांच्या माहितीच्या किती मागण्या आल्या, असं मी त्यांना लिहून विचारलं. ‘अशी माहिती देण्याचा आमचा प्रघात नाही’ असं उत्तर आलं. प्रघात का नाही, असं मी काल पुन्हा विचारलं आहे.