कडी वाजवून निघून जाणारी

आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण. हॉस्पिटलात नाकाला नळी, बोलायचं नाही म्हणून नर्सने बजावलेलं, आणि माझी बायको शालन मला विचारते, "फोटो दिलात काय त्यांका?" मी म्हटलं, "नाय दिले गं बाई, तू गप पड." म्हणाली, "देऊ नकात." ...एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, लवकर या. मी पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढून झाली होती. एवढा संसार केला, पण जाताना नवऱ्याला एक गोड शब्द नाही. फोटो! महिना उलटून गेला, मला अजून राग येतो.

मुंबईत नाहूरला नाल्याच्या कडेला आमची वस्ती. मी आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. कोरोनात सगळ्यांचीच कामं गेली, तेव्हा शालनने शेजारच्या रुक्सानाला हाताशी धरून महिला मंडळाच्या खोलीत चूल मांडली. डाळ, भात, एखादी भाजी. पण रांग ठेवली नाही. डबा ज्याच्या त्याच्या दारात ठेवायचा, कडी वाजवायची आणि दार उघडायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचं. घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. नवीन आलेली एखादी पोरगी थांबलीच, तर ही गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "काय गो, थांबलंस कित्याक? मुलगी बघूक इलंस?" मी म्हणायचो, कसले हे चोचले? फुकट जेवण देतेस, जरा थांबलीस तर काय बिघडतं? त्यावर ती म्हणायची, "तुमका काय कळता? गिरणी बंद पडली तेव्हा धान्याच्या रांगेत मी उभी ऱ्हवलंय. कोणीतरी फोटो काढल्यान, नि तो गावाक माझ्या भावान पेपरात बघल्यान. तुमी तेव्हा घरात तोंड लपवन बसलेलास."

कोरोना सरला, लोक कामाला लागले. पण म्हातारे, एकटे, अंथरुणाला खिळलेले तसेच राहिले. देणगी देणारे मात्र कोरोनाबरोबरच गेले. मग कळलं की गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना महापालिकेकडून मदत मिळणार आहे. शालन काय खूश! वॉर्ड ऑफिसात चपला झिजवून सगळे कागद दिले. शेवटी तिथला साहेब म्हणाला, डबा घेतानाचे फोटो पाहिजेत, घेणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. ही म्हणाली, "साहेब, येऊन चूल बघा, भांडी बघा, स्वतः जेवून बघा. तोंडं मिळणार नाहीत." "आजी, पुरावा लागतो." "माणसं जगली, तो पुरावा नाय?" साहेब हसला आणि फाइल बाजूला सारली. ती बाजूलाच राहिली. इकडे शनिवार-रविवारची चूल बंद करावी लागली. मी कितीदा सांगितलं, दे चार फोटो आणि मोकळी हो. तुझ्या मानापायी म्हातारी माणसं शनिवारी उपाशी झोपतायत! तर माझ्याशी अबोला. साहेब हट्टी, ही त्याहून हट्टी, आणि मधल्या मध्ये वाट लागली जेवणाऱ्यांची. पुरावा मागणारे कधी एकदा तरी त्या गल्लीत येऊन जेवले असते तर... पण नाही.

ती गेली आणि लगेच साहेबाचा निरोप आला. या महिन्यात फोटो आले नाहीत तर फाइल बंद. मंडळाकडचे पैसे संपत आलेले, म्हणजे उरलेली चूलही बंद. रुक्साना रडकुंडीला येऊन माझ्या दारात. "काका, तुम्हीच बोला ना, काय करू?" मी म्हटलं, "माझा काढ." कारण आता मलाही तिथलाच डबा येतो. मला चहापलीकडे काही जमत नाही. शालन नको म्हणाली होती, ठाऊक आहे. पण तोंड माझं आहे, ते कोणाला दाखवायचं ते मी ठरवणार.

साहेब स्वतः मोबाइल घेऊन आला. मी दाढी करून दारात उभा. रुक्सानाने डबा उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि सरळ चालू लागली. "अहो बाई, थांबा! त्यांच्या हातात द्या!" साहेब ओरडला. ती जीभ चावून परत आली. पुन्हा डबा खाली, पुन्हा पाठ. शेवटी मीच वैतागलो, "अगं उभी राहा ना!" तर म्हणते, "काका, पाय थांबतच नाय. वाटतं, काकी ओरडेल." झालं. फोटोत मी, डबा आणि रुक्सानाची पाठ. "चालेल का, वर विचारतो," म्हणून साहेब गेला. वर कोण बसलाय देव जाणे, अजून उत्तर नाही.

तोवर दुपारची कडी वाजते आहे. मी दाराच्या आतच उभा असतो, पोटात कावळे ओरडत असतात, तरी लगेच उघडत नाही. रुक्सानाच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत थांबतो. दाराच्या या बाजूला उभं राहणं काय असतं, ते मला कधी कोणी सांगितलं नव्हतं... शालनला ठाऊक होतं. भात थोडा निवतो. निवू दे.