कनवटीला खोचलेली टोपी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सासूबाईंना तर नाहीच. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून पुढं सरकते — त्याला माहीत असेल तर असू दे, माझ्या तोंडून नको. आज तुम्ही निवांत बसलाय म्हणून सांगते. फक्त मध्येच उठून जाऊ नका.

मी खोडकर आहे हे शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात कुणालाही विचारा. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, तरी सुनेच्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी होतात आणि नाव मांजराचं निघतं. सगळे हसतात, मीही हसते. पण मांजराच्या नावावर खपवायची ही सवय जुनी आहे. आणि एकदा मांजराच्या जागी माणूस होता.

परवा नातीची मोटारसायकल दारातच फटफट करून बंद पडली. ती खाली बसली, इंजिनाच्या प्लगवर बसवलेली काळी रबरी टोपी ओढून काढली, चिरलेली होती ती, बाजूला टाकली, नवी दाबून बसवली. पाना नाही, पक्कड नाही, नुसत्या हातानं. "बघ आजी, झालं की," म्हणाली. मी बघितलं आणि आत येऊन पलंगावर बसून राहिले. तिला काय सांगू — की बाई, हे मलाही येतं?

लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची मी. अंगानं काडी आणि तोंड म्हणाल तर नुसतं चुरूचुरू. स्वतःला लई हुशार समजायची ती बया. सासूबाई मोडनिंबला लेकीकडं गेल्या होत्या आणि घरात मी राणी होते — उशिरा उठायचं, भाकरी जाड थापायची, रेडिओ मोठा लावायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे त्यांना मोटारसायकलवरून आणायला जाणार होते, कारण एसटीत त्यांना उलट्या व्हायच्या. मला आणखी एक-दोन दिवस हवे होते. बस, एवढंच. एवढ्यासाठी.

गाडी आधीपासूनच झटके खात होती. प्लगची टोपी चिरलेली, ह्यांनी तिला काळी टेप गुंडाळून भागवलं होतं. बोळाच्या तोंडाशी मल्लिनाथचं गॅरेज. मल्लिनाथ म्हणजे अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा, कपाळाला विभूती लावणारा शांत माणूस. अष्टमीला तो आमच्या दारात आला, जुनी टोपी काढून माझ्या हातात दिली, नवी बसवली. हे कामावर होते. बघायला एकटी मीच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला सांगायला नको, त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, कुणी मिस्त्री पान्याला हात लावत नाही. म्हणजे गाडी त्या दिवशी बिघडली तर दुरुस्त व्हायची नाही. सुचलं की मला. हे अंघोळीला गेले तशी मी अंगणात गेले, नवी टोपी उपटली, टेपवाली जुनी बसवली, वर चूळभर पाणी ओतलं, आणि नवी साडीच्या कनवटीला खोचून पोहे करायला बसले. गुणगुणत होते, खोटं कशाला बोलू.

गाडी बोळाच्या तोंडाशी जाऊन मेली. बरोबर मल्लिनाथच्या दारात. आणि मी — मजा बघायला — हातात उगाच एक पातेलं घेऊन मागनं गेले.

मल्लिनाथनं पाने पाटावर मांडले होते, प्रत्येकावर विभूतीचे पट्टे, झेंडूचं फूल. तो म्हणाला, "आज हत्याराला हात लावत न्हाय, पन तुमी थांबा की, नुसतं हातानं बघतो." ह्यांना दम कुठला? ह्यांनी स्वतःच प्लगजवळ हात घातला आणि त्याला किक मारायला लावली. ओल्या टोपीतनं करंट बाहेर आला. हे मागच्या मागं गटाराच्या काठावर आदळले. पानपट्टीवरची सगळी माणसं हसली.

तिथं सगळं बिघडलं. हे उठले, टोपी उपटली आणि बघतच राहिले.

"ही टेप माझी हाय. मी गुंडाळलीया. पैसे नव्याचे घेतलेस आणि जुनीच बसवलीस व्हय रे मल्ल्या?"

"न्हाय हो. नवी बसवली की काल. वैनी हुत्या तितं. इचारा की वैनीस्नी."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. पानपट्टीनंही बघितलं. कनवटीला ती टोपी मला टोचत होती. एक वाक्य लागलं असतं. काय झालं असतं? मला दोन थोबाडीत बसल्या असत्या, सासूबाईंना एक विषय मिळाला असता.

मी म्हणाले, "मी आत होते चुलीपाशी. मला काय कळतंय त्यातलं?"

ह्यांनी आधी हातानं मारलं. कानावर, मग तोंडावर. तो ओठ फुटलेला तसाच "वैनी, वैनी" म्हणत होता, बाकी काही नाही. मग ह्यांनी त्याला गचांडी धरून पाटावर ढकललं, फुलं चुरडली, आणि पूजेतला सगळ्यात मोठा पाना उचलला. मल्लिनाथनं तोंड वाचवायला उजवा हात पुढं धरला. पहिला घाव मनगटावर बसला. हात पाटावर पडला. मग बोटांवर. परत बोटांवर. आवाज काय सांगू — ओली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा, मऊ. विभूतीवर रक्त पडून राखाडी चिखल झाला. लोकांनी ह्यांना ओढलं तेव्हा पाना हातातच होता. मी पातेलं छातीशी धरून उभी होते. ओरडलेसुद्धा नाही. ओरडले असते तर कुणाच्या बाजूनं ओरडले असते?

घरी येऊन मी नवी टोपी बंबात टाकली. रबर जळायचा वास घरभर झाला. आणि संध्याकाळी सासूबाई दारात — लेकीच्या गावच्या टेम्पोतनं, स्वतःच. आल्या आल्या म्हणाल्या, "काय जळतंय गं?" मी म्हणाले, "मांजरानं काहीतरी पाडलं बंबात."

मल्लिनाथची दोन बोटं वाकडीच बसली. पाना आवळता येईना. आणि आला असता तरी गाडी कोण देणार होतं? चोरटा म्हणून नाव झालं होतं पेठेत. गॅरेज बंद पडलं, तो सायकल स्टँडवर बिल्ले वाटायला बसला.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं हिला. नाही. हे तर मी मनातल्या मनात कधीचंच कबूल केलंय. खरं पुढंच आहे.

बऱ्याच वर्षांनी मंडईत तो भेटला. मी वाट बदलणार, तेवढ्यात समोर आला. मला वाटलं, आता बोलणार. बोलला.

"वैनी, लई इचार केला मी. नवरात्राचा उपास हुता मला तवा, डोकं ठिकाणावर नसंल. मीच इसरून जुनी बसवली असंल की. आणि तुमाला इनाकारन मधी घातलं, चार लोकांत. चुकलं माझं."

तो ते खरंच मानत होता. इतकी वर्षं बसून बसून त्यानं स्वतःला पटवलं होतं, कारण वैनी खोटं बोलतील हे त्याला पटत नव्हतं.

आणि मी काय केलं? पदर सावरला. मोठ्या मनाच्या बायका करतात तसा चेहरा केला — मला येतो तो, अजून येतो. म्हणाले, "असू द्या मल्लिनाथ. होतं माणसाकडनं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी त्याला माफ केलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं माझी भाजीची पिशवी मागितली आणि रिक्षापर्यंत उचलून नेली. डाव्या हातानं. मी नेऊ दिली.