तांदळाच्या डब्यातलं हळकुंड

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. साताऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात, दीड किलो वजनाची कॅमेऱ्याची लेन्स मीच पुरली होती आणि वर झाकण घट्ट लावलं होतं. लेन्स माझ्या थोरल्या साडूंची. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी हलक्या सामानाचा असा कडवा पुरस्कर्ता सापडायचा नाही, आणि हलक्या सामानाच्या नावाखाली दुसऱ्याचा खांदा असा उतरवून ठेवणाराही नाही.

दाजी सांगलीत हळदीचे अडते. सगळा जन्म हळदीत गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते हळदीच्या मापानंच ओळखतात. तळ्यापलीकडचं पाखरू अंगणात आणून बसवणारी लांबलचक लेन्स म्हणजे 'हळकुंड'. अख्खा डोंगर पोटात घेणारी बुटकी, रुंद लेन्स म्हणजे 'गड्डा'. आणि मुंगीच्या मिशा मोजता येतील अशी चिमुकली ती 'कणी'. कुठंही निघायचं म्हटलं की या तिघी काट्यावर चढतात. काटा दाजी बरोबरच बाळगतात. त्याचं स्वतःचं वजन सव्वा किलो. नियम मात्र कडक : "पाठीवर पाच किलो. वर एक तोळा न्हाई." काटा साडेआठ दाखवतो. दाजी जराही न डगमगता वजाबाकी सुरू करतात. "बॅग म्हंजे बारदाना, पोत्याचं वजन कोण धरतंय? पाणी तर वाटंत पिऊन टाकायचं. आन् ट्रायपॉडला सोताचे तीन पाय हायत, त्यो कुनाच्या जिवावर न्हाई." इतकं करूनही आकडा वर राहिला, तर कात्री कपड्यांना लागते. कराडच्या एका लग्नाला ते तिन्ही लेन्स आणि अंगावरचा एक शर्ट एवढ्यावर गेले. हळदीच्या कार्यक्रमात शर्ट रंगला, आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामाचा सदरा घालून ते अक्षता टाकायला उभे राहिले. फोटो उत्तम आले. नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर चाललेल्या मुंगीचे अकरा होते. नवरीचा एकही नव्हता.

लेन्स निवडायची त्यांची पद्धत तर आणखी न्यारी. बाजारात पूर्वी रुमालाखाली हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरायचा. बाजारातून ती रीत मागं पडली, दाजींनी ती घरी आणली. लेन्स समोर मांडून ते माझा हात रुमालाखाली ओढतात. एक बोट दाबलं तर न्यायची, दोन दाबली तर ठेवायची. "तोंडानं कशाला बोलायचं पाव्हणं? मागं ऱ्हानारीला वाईट वाटतंय." आणि रुमालाखाली एकदा ठरलं की ते फिरवायचं नाही. बाप जरी आडवा आला तरी नाही.

बॅग उचलायची मी. दाजींच्या कमरेचा मणका सरकलेला आहे, आणि माझा खांदा दुखतो हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. बोलणं मला जमत नाही. माझ्या या एका खोडीपायीच पुढचं सगळं घडलं.

त्या वर्षी वडूजजवळच्या तलावावर रोहित पक्षी उतरले होते. वडूज दोघी बहिणींचं माहेर. थोरल्या वहिनींनी, म्हणजे दाजींच्या बायकोनं, लहानपणी ते पक्षी पाहिलेले. आता त्यांचे गुडघे गेले. बांधावरून दोन किलोमीटर चालणं होणार नव्हतं. त्यांनी दाजींना एकच मागितलं. "उडताना पंखाखालचा तांबडा रंग दिसला पायजे बगा. मंग मला तितं जाऊन आल्यागत वाटंल." पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडं मागितलेला तो पहिलाच फोटो, असं दाजी चारचौघांत अभिमानानं सांगत होते.

दाजी आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आले. सकाळी रुमाल निघाला. हळकुंडावर माझ्या मनात दोन बोटं होती, दाबलं एकच. रुमालाखालीसुद्धा मला नाही म्हणता आलं नाही. दाजींनी बॅग तीनदा तपासली आणि ते आंघोळीला गेले. मी हळकुंड काढलं आणि तांदळात खुपसलं. मनाची समजूत घातली, की पक्षी जवळच असतील, गड्ड्यात येतील.

पक्षी जवळ नव्हते. आम्ही पोचलो तसा सगळा थवा उठला, आणि आभाळात जणू कुणी कुंकू उधळलं. दाजींनी बॅगेत हात घातला. "हळकुंड कुठाय? आवं पाव्हणं, हळकुंड कुठाय?" बॅग बांधावर पालथी झाली. मीही गुडघ्यांवर बसून शोधू लागलो. रिकामे कप्पे उघडले, परत लावले, परत उघडले. एवढं सगळं केलं, एक शब्द तेवढा बोललो नाही. शेवटी दाजींनी गड्डा लावून एक फोटो काढला. परत आल्यावर वहिनींनी तो नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिला. सगळं तळं, सगळं आभाळ, आणि मधे तिळाएवढे ठिपके. "पानी लय हाय की अवंदा," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

तिसऱ्या दिवशी मी फोन केला, की हळकुंड आमच्या सोफ्याखाली सापडलं. दाजी म्हणाले, "तीन डाव बगितलं हुतं वो मी. म्हंजे डोस्कं गेलं म्हनायचं." लेन्सच्या खाचेतून तांदळाचा एक दाणा निघाला, तर कराडच्या लग्नातली अक्षता असणार म्हणून त्याचाही दोष त्यांनी आपल्याच विसरभोळेपणावर घेतला. पुढं त्यांनी सौद्याला उभं राहणं सोडलं. "आकडा ध्यानात न्हाई ऱ्हायला, तर शेतकऱ्याचं नुस्कान. ल्योक करंल." आता ते दुकानात मागं बसतात आणि तळहातावर पेनानं यादी लिहितात. कुठं निघाले तर एकटी कणी शर्टाच्या खिशात. पाच किलोचा नियम त्यांच्याकडून आता खरोखर पाळला जातो, आणि मला ते बघवत नाही.

परवा त्यांचा फोन आला. "पाव्हणं, पाखरं आल्यात म्हनं वडूजला. हिचं डोळं हायत तवर जाऊन येऊ. बॅग तेवढी तुमीच भरा, माजा भरवसा न्हाई. तुमी हाय म्हनून बरं हाय बगा."

मी बरं म्हणालो. हळकुंड नेईन, गड्डा आणि कणीही नेईन, ट्रायपॉडसुद्धा माझ्याच खांद्यावर. तांबडे पंख मिळाले तर वहिनींचं देणं फिटेल. दाजींचं फिटत नाही. त्यांना मी एक वाक्य देणं लागतो, रुमालाखाली नाही, तोंडानं : त्या दिवशी तुम्ही काहीही विसरला नव्हता, हळकुंड मी काढलं होतं.