उन्हातली बाटली

बाळांनो, रासायनिक अभिक्रियेच्या वेगाच्या समीकरणातला घात पाठ करू नका, मोजून काढा, असं काल फोनवर तुम्हाला सांगताना मला आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजातला प्रयोगशाळा परिचर आठवला. म्हणून आज लिहायला बसले.

स्टॉपवॉच तो कुणाच्या हाती देत नसे. वेग मोजायच्या प्रयोगात द्रावण निळं होताच "आलं!" असं इतक्या जोरात ओरडे की मुलं दचकत.

एका एप्रिलमध्ये, प्रात्यक्षिक परीक्षेत, एका मुलीने आयोडाइडची संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, दुप्पट केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं. निळं व्हायला निम्मा वेळ लागायला हवा होता. लागला जेमतेम पाव. म्हणजे वेग चौपट, घात एकाऐवजी दोन. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आकडे मनाचे लिहिले. नापास!" मुलगी रडू लागली. मी तिची शिक्षिका, तरी हजेरीचा कागद चाळत राहिले.

परिचरच पुढे आला. "पोरीले काऊन रागावून राह्यले साहेब? आकडा खरा हाय. दुपटीची बाटली मीच खिडकीत उन्हात ठेवली होती, तापली ते, म्हून वेग वाढला."

"म्हणजे चूक तुमची? लिहून द्याल?"

त्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागद ओढून लिहून दिलं. "आता सावलीतल्या बाटलीनं करू द्या तिले."

वेळ बरोबर निम्मा आला. ती पास झाली. जूनमध्ये त्याला पुन्हा बोलावलं नाही, आणि मी कुणाला कारणही विचारलं नाही.

त्या मुलीची प्रयोगवही माझ्याकडे आहे. उन्हातला आकडा आणि सावलीतला आकडा, दोन्ही अजून वाचता येतात.